रंगीत चित्रांमागचे गणित कोण शिकवणार?

वस्तू प्रत्यक्ष बनवण्याआधी ती संगणकावर मोडून पाहण्याचे तंत्र आता पदवीच्या वर्गात पोहोचले आहे. सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्याने दिलेल्या उत्तरावर शंका घेण्याची सवय मात्र त्याच वेगाने आलेली नाही.

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा कोणताही प्रकल्प अहवाल उघडला, तर त्यात एक चित्र बहुधा हमखास आढळते. एखादा ब्रॅकेट, गाडीची चॅसी किंवा क्रेनचा हूक; त्याच्या अंगावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांचे पट्टे आणि बाजूला आकड्यांची उभी पट्टी. चित्राखाली ठरावीक वाक्य असते, ‘जास्तीत जास्त ताण मर्यादेच्या आत असल्याने रचना सुरक्षित आहे.’ ओरलला बाहेरून आलेले परीक्षक चित्र पाहतात, आकडा पाहतात आणि पान उलटतात. तो आकडा कोठून आला, भार कोणी ठरवला, आधार कोठे धरला, हे प्रश्न विचारले गेले तर उत्तरे अनेकदा मिळत नाहीत.

हे चित्र ज्या तंत्राने निघते, त्याचे नाव फायनाईट एलिमेंट ॲनालिसिस, अर्थात एफईए. मोटार, विमान, पूल, धरण, कृत्रिम गुडघा, मोबाइलचे आवरण अशा असंख्य वस्तूंचे आरेखन आज या तंत्राच्या आधारे होते. साहजिकच ते येणाऱ्या अभियंत्यांना मागणी आहे आणि ते शिकवण्याची घाईही आहे. तथापि शिकवले जाते ते तंत्र की केवळ सॉफ्टवेअरची बटणे, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

बाजारातील उलथापालथ

गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्राची मालकी झपाट्याने बदलली. चिपच्या आरेखनासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सिनॉप्सिस या अमेरिकी कंपनीने ‘ॲन्सिस’ विकत घेण्याचा सुमारे ३५ अब्ज डॉलरचा करार जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केला आणि जुलै २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. त्याआधी मार्च २०२५ मध्ये जर्मनीच्या सीमेन्सने ‘हायपरमेश’ची निर्माती अल्टेअर ही कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरना ताब्यात घेतली होती. चिप क्षेत्रातील दुसरी मोठी कंपनी कॅडेन्स हिने २०२४ मध्ये ‘ॲन्सा’ हे मेशिंगचे सॉफ्टवेअर बनवणारी बीटा सीएई घेतली. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये तिने ‘नॅस्ट्रान’साठी प्रसिद्ध असलेल्या एमएससी सॉफ्टवेअरचा समावेश असणारा हेक्सागॉनचा विभाग घेण्याचा करार जाहीर केला.

पुण्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या नावांनी हे शास्त्र ओळखतात, ती बहुतेक नावे अशा रीतीने नव्या मालकांकडे गेली किंवा जाण्याच्या वाटेवर आली. या व्यवहारांमागचे कारण उघड आहे. चिप तापते, मोटारीत इलेक्ट्रॉनिक्स वाढते आणि यंत्र व संगणक यांच्यातील सीमारेषा पुसट होते, तेव्हा आरेखनाची सगळी साधने एका छताखाली असणे कंपन्यांना सोयीचे वाटते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. आज पाठ केलेले मेनू आणि बटणे उद्या बदलतील, नावेही बदलतील. त्यांच्यामागचे गणित तेवढे बदलणार नाही.

तुकडे करून जोडण्याची कला

या गणिताचा गाभा समजायला अवघड नाही. वर्तुळाचा परीघ थेट मोजता येत नव्हता, तेव्हा आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती धरून ‘पाय’ची किंमत दोन मर्यादांत बांधली. एफईएचा मार्ग याच जातीचा आहे. वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूतील ताण एका सूत्राने काढता येत नाही. म्हणून तिचे हजारो, प्रसंगी लाखो छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याची हालचाल साध्या समीकरणाने मांडायची, तुकडे कोपऱ्यांशी, म्हणजे नोडशी, जोडायचे आणि तयार झालेली समीकरणे संगणकाकडून सोडवून घ्यायची. तुकड्यांच्या या जाळ्याला ‘मेश’ म्हणतात. मेश जितका बारीक आणि योग्य आकाराचा, तितके उत्तर वास्तवाच्या जवळ जाते, अर्थात बाकीची गृहीतके बरोबर असतील तर.

गणितज्ञ रिचर्ड कुरांट यांनी १९४३ मध्ये या विचाराचे बीज मांडले. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेसाठी त्याला व्यवहारात आणणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘फायनाईट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. अमेरिकेच्या ‘नासा’ने साठच्या दशकात ‘नॅस्ट्रान’ तयार करवून घेतले, १९७० मध्ये जॉन स्वॉन्सन यांच्या कंपनीतून ‘ॲन्सिस’ आले आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतून ‘अबॅकस’ आले. त्या काळी हे सॉफ्टवेअर वापरणारा माणूस बहुधा समीकरणे जाणणारा असे, कारण ती जाणल्याशिवाय माहिती आत भरताच येत नसे. आज माऊसच्या चार क्लिकमध्ये मेश तयार होतो आणि पाचव्या क्लिकला उत्तर येते. सोय झाली, पण अज्ञानाला पूर्वी आपोआप बसणारा अटकाव नाहीसा झाला.

पुण्याचा हिस्सा

महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र पुणे आहे आणि त्याला वाहनउद्योगाची पार्श्वभूमी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय, येथे आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहने व त्यांचे सुटे भाग बनतात. टाटा टेक्नॉलॉजीजचे मुख्यालय हिंजवडीत आहे आणि परदेशी यंत्रनिर्मात्यांची अभियांत्रिकी केंद्रे मगरपट्टा, खराडी, बालेवाडी अशा भागांत पसरली आहेत. गाडीचा दरवाजा किती वेळा आपटल्यावर तडकेल, ट्रॅक्टरचा सांगाडा खड्ड्यात किती वाकेल, इंजिनाचा कंप आसनापर्यंत किती पोहोचेल, या प्रश्नांची पहिली उत्तरे येथील संगणकांवर काढली जातात.

या विषयावरील बहुतेक पाठ्यपुस्तके परदेशी विद्यापीठांतून आली असली, तरी कारखान्यातील व्यवहार सांगणारे एक पुस्तक पुण्यातूनच निघाले, ही बाब उल्लेखनीय आहे. नितीन गोखले व सहकाऱ्यांचे ‘प्रॅक्टिकल फायनाईट एलिमेंट ॲनालिसिस’ २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणता घटक कोठे वापरावा, मेश कसा तपासावा, अशा कामाच्या गोष्टी त्यात आहेत. आयआयटी मुंबईतील प्रा. पी. शेषू यांचे पाठ्यपुस्तकही अभियांत्रिकीच्या वर्गांत परिचित आहे. म्हणजे शिकण्यासाठी साहित्य नाही, अशी तक्रार करता येणार नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात यांत्रिकी शाखेच्या तृतीय वर्षाला ‘कॉम्प्युटर एडेड इंजिनीअरिंग’ हा विषय आला. पूर्वी अंतिम वर्षाच्या ऐच्छिक विषयांत मोडणारे शास्त्र त्यामुळे साऱ्यांच्या वाट्याला आले. हे पाऊल योग्यच होते. अडचण पुढे येते. वर्गात एका बाजूला मॅट्रिक्सची गणिते असतात. दोन-तीन घटकांची उदाहरणे हाताने सोडवून घेतली जातात आणि परीक्षेत तीच येतात. दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत सॉफ्टवेअरवर ठरावीक प्रयोग होतात आणि ‘स्टेप वन, स्टेप टू’ अशी छापील कृती पाहून जर्नल पूर्ण केले जाते. फळ्यावरची मॅट्रिक्स आणि पडद्यावरचा लाल ठिपका हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत, हे सांगणारा दुवा मधल्या मध्ये हरवतो.

तो दुवा विद्यार्थी मग बाहेर शोधतात. डेक्कन, शिवाजीनगर, पिंपरी येथील खासगी क्लासमध्ये काही महिन्यांत ‘टूल’ शिकवले जाते. जाहिरातीत सॉफ्टवेअरची नावे ठळक असतात. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची उजळणी क्वचितच असते. नोकरीच्या मुलाखतीत मात्र अनुभवी अभियंता पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतो. एका टोकाला पकडलेल्या तुळईचा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट काढून दाखवा. तेथे अनेकांची दांडी उडते.

चुका मोठ्या नव्हे, छोट्याच घातक

संगणक चुकतो कोठे, हे उदाहरणांनी पाहणे उपयुक्त ठरेल. एक मीटर लांबीची, ५० मिलीमीटर रुंद आणि १०० मिलीमीटर उंच छेदाची पोलादी तुळई एका टोकाला भिंतीत घट्ट बसवली आणि मोकळ्या टोकावर १,००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतका भार दिला, तर टोक ०.४ मिलीमीटर खाली जाते आणि मुळाशी १२ मेगापास्कल ताण येतो. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कागदावर पाच मिनिटांत काढता येते. हीच तुळई संगणकावर साध्या त्रिकोणी घटकांच्या एकाच थराने मांडली, तर वाक खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतो. हे त्रिकोण वाकायला नाखूश असतात. त्यांच्या गणितातच तो ताठरपणा आहे. सॉफ्टवेअर कोणताही इशारा देत नाही. चित्र नेहमीसारखेच सुंदर येते.

दुसरे उदाहरण एककांचे. कित्येक प्रणालींत सॉफ्टवेअर एकके विचारत नाही. माणसाने ती सुसंगत ठेवायची असतात. लांबी मिलीमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये धरले, तर पोलादाची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात इतकी भरावी लागते. सवयीने ७८५० लिहिले, तर वस्तू खऱ्यापेक्षा एक लाख कोटी पट जड होते. अशी चूक लगेच उघडी पडते, कारण उत्तरच हास्यास्पद येते. म्हणून ती फारशी धोकादायक नाही. धोका असतो तो पटण्यासारख्या चुकीच्या उत्तराचा.

तिसरे उदाहरण आतल्या टोकदार कोपऱ्याचे. दोन पृष्ठे आतील बाजूने काटकोनात मिळतात, तेथे गणिताच्या दृष्टीने ताण अमर्याद असतो. मेश बारीक केला की आकडा वाढतो, आणखी बारीक केला की आणखी वाढतो. एखादा विद्यार्थी त्यातला पहिला आकडा घेतो आणि रचना सुरक्षित ठरवतो. दुसरा शेवटचा घेतो आणि विनाकारण जाड धातू वापरतो. दोघेही ज्याला अर्थ नाही असा आकडा वाचत असतात. प्रत्यक्ष वस्तूत तेथे थोडी गोलाई असते. ती मॉडेलमध्ये घेतली, तरच ताणाला अर्थ येतो. मेश दोनदा-तीनदा बदलून उत्तर स्थिर होते का, हे पाहिल्याशिवाय हा घोळ कळतच नाही.

चौथी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक भार ठरवण्याची. ‘बाहा’ या स्पर्धेसाठी देशभरातील विद्यार्थी खडबडीत वाटेवर धावणारी छोटी गाडी स्वतः बनवतात. भारतात ही स्पर्धा २००७ मध्ये मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झाली आणि महाराष्ट्रातील संघ तेथे नेहमीच मोठ्या संख्येने असतात. चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याचे, म्हणजे रोल केजचे, विश्लेषण हा या गाडीच्या आरेखनातील महत्त्वाचा भाग असतो. समजा, चालकासह गाडीचे वजन २५० किलो आहे आणि ती ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर, वेगाने आदळते. थांबायला ०.३ सेकंद लागतो असे धरले, तर सरासरी बल सुमारे १०,४०० न्यूटन येते. तोच वेळ ०.१ सेकंद धरला, तर बल ३१,२५० न्यूटन होते. पहिल्या गृहीतकावर सुरक्षा गुणांक २.४ आला असेल, तर दुसऱ्यावर तो ०.८ होतो, म्हणजे पिंजरा टिकत नाही. संगणकाने दोन्ही वेळा आपले काम चोख केलेले असते. प्रश्न एवढाच की ०.३ हा आकडा कोणी, कशाच्या आधारे ठरवला? पुष्कळदा त्याचे खरे उत्तर ‘मागच्या बॅचच्या रिपोर्टमध्ये होता’ हेच असते. आत बसणारा चालकही विद्यार्थीच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य पटते.

समुद्रात बुडालेला धडा

अनुभवी अभियंत्यांकडून असे होत नाही, असा समज असेल तर तो नॉर्वेतील एका घटनेने दूर व्हावा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गान्सफियॉर्डमध्ये ‘स्लाइप्नर ए’ या तेल व वायूच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. सुमारे ६५ मीटर खोलीच्या दाबाला त्याच्या एका कप्प्याची भिंत फुटली, पाणी आत शिरले आणि प्रचंड रचना तळाशी जाऊन चक्काचूर झाली. त्या धक्क्याची नोंद भूकंपमापकावर ३.० अशी झाली. मनुष्यहानी झाली नाही, परंतु एकूण आर्थिक फटका सुमारे ७० कोटी डॉलरचा मानला गेला.

चौकशीत जे पुढे आले ते जगभरच्या वर्गांत आजही शिकवले जाते. तीन कप्पे जेथे मिळतात, तेथील मेश पुरेसा बारीक नव्हता आणि घटकांचे आकार तिरके होते. त्यामुळे भिंतीतील शिअरचा ताण प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. काँक्रीटची जाडी आणि लोखंडाची मांडणी त्या आकड्यावर बेतलेली होती. अपघातानंतर अधिक काळजीपूर्वक विश्लेषण केले, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. म्हणजे तंत्र बरोबर होते. ते वापरण्यात हयगय झाली. वापरलेले ‘नॅस्ट्रान’ही त्या काळातील नावाजलेले सॉफ्टवेअर होते.

त्याआधी १८ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे पोलादी छत बर्फाच्या भाराने पहाटे कोसळले. काही तासांपूर्वी तेथे सुमारे पाच हजार प्रेक्षक सामना पाहत होते. त्या छताचे आरेखन संगणकाच्या मदतीने झाले होते. दाबाखालच्या दांड्यांना मधोमध पुरेसा आधार आहे असे गणितात गृहीत होते, कडेच्या दांड्यांना तो प्रत्यक्षात नव्हता. बांधकाम सुरू असताना छत अपेक्षेपेक्षा जास्त झुकल्याचे दिसले होते, तरी संगणकाच्या उत्तरावरचा विश्वास ढळला नाही. दोन्ही प्रसंगांत यंत्र बिघडले नव्हते. यंत्राला काय सांगितले, हे कोणी पुरेसे तपासले नव्हते.

परवान्याचा पेच

शिक्षणातील आणखी एक अडथळा पैशाचा आहे. व्यावसायिक परवान्यांची किंमत वर्षाला लाखो रुपयांत जाते. शैक्षणिक सवलतीत ते स्वस्त मिळतात, पण मोजक्या संगणकांपुरते. साहजिकच विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर ‘क्रॅक’ केलेल्या प्रती सर्रास फिरतात. हा प्रकार निरुपद्रवी नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

वास्तविक त्याची गरजही आता उरलेली नाही. ‘ॲन्सिस’ची विद्यार्थी आवृत्ती मोफत मिळते, मेशच्या आकारावर मर्यादा असली, तरी पदवीच्या कामाला ती पुरेशी आहे. ‘अबॅकस’च्या शिकाऊ आवृत्तीत १,००० नोडची मर्यादा आहे. ती अपुरी वाटते, पण विचार करून मेश आखायला लावणारी असल्याने उलट उपकारकच म्हणावी लागेल. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅल्क्युलिक्स’ आहे, फ्रान्सच्या वीज कंपनीने खुले केलेले ‘कोड ॲस्टर’ आहे आणि गाड्यांच्या धडकेच्या विश्लेषणासाठी २०२२ मध्ये खुले झालेले ‘ओपनरेडिओस’ही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने द्रवप्रवाहाच्या विश्लेषणासाठी ‘ओपनफोम’चा प्रसार केला आहे. तेथूनच चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले.

ही साधने वर्गात फारशी दिसत नाहीत, कारण नोकरीच्या जाहिरातीत त्यांची नावे नसतात. येथे महाविद्यालये आणि उद्योग दोघांचाही दोष आहे. ‘अमुक सॉफ्टवेअर येणारा हवा’ अशी जाहिरात देणारा उद्योगच नंतर ‘मुलांना मूलभूत गोष्टी येत नाहीत’ अशी तक्रार करतो.

यंत्राने यंत्राला शिकवले तर?

या प्रश्नाला आता घाईचे परिमाण लाभले आहे. पुण्यात आणि बंगळुरूत नव्या अभियंत्याला दिले जाणारे पहिले काम बहुधा मेशिंगचे असते. परदेशी कंपनीच्या गाडीचा पत्रा घ्यायचा आणि ठरलेल्या नियमांनुसार त्याचे चौकोन पाडायचे. हे काम स्वयंचलित होत चालले आहे. शिवाय जुन्या विश्लेषणांवरून शिकून नव्या आकाराचे उत्तर काही क्षणांत सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बाजारात आली आहेत. ‘ॲन्सिस’ने २०२४ मध्ये ‘सिमएआय’ आणले. ज्याला केवळ बटणे दाबता येतात, त्याचे काम सर्वप्रथम जाईल. उत्तर पाहून ‘हे शक्य नाही’ असे सकारण म्हणू शकणाऱ्याची गरज उलट वाढेल, कारण झटपट मिळणारी उत्तरे वाढली की तपासायच्या उत्तरांचीही संख्या वाढते.

प्रत्यक्ष चाचणीची जागा संगणकाने घेतलेली नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ योजनेत गाडीला तारे मिळतात ते खरी गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून. संगणकावर ती धडक आधी असंख्य वेळा झालेली असते. तरीही अखेरचा निकाल मोडलेला पत्राच देतो.

उपाय महागडे नाहीत

हा प्रश्न सोडवायला नवी इमारत वा नवे अनुदान लागत नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक विश्लेषणाआधी हाताने काढलेला अंदाज सक्तीचा करावा. संगणकाचे उत्तर आणि कागदावरचे उत्तर यांतील फरकाचे स्पष्टीकरण नसेल, तर टर्मवर्कला गुण देऊ नयेत. दुसरी, आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज दिलेल्या भाराइतकी येते का, आणि मेश बारीक केल्यावर उत्तर स्थिर होते का, या दोन तपासण्या प्रत्येक अहवालात असाव्यात. दोन्हींना मिळून अर्धा तास पुरतो.

तिसरी गोष्ट प्रमाणित उदाहरणांची. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘नाफेम्स’ या संस्थेने अशी उदाहरणे तयार केली आहेत, ज्यांची अचूक उत्तरे ठाऊक आहेत. त्यांपैकी लंबवर्तुळाकार छिद्राच्या पत्र्याच्या उदाहरणात ठरावीक बिंदूवर ९२.७ मेगापास्कल ताण यायलाच हवा. वेगवेगळे घटक वापरून विद्यार्थ्याने तेथपर्यंत पोहोचावे. आपले उत्तर ६० वर का अडकले, हे शोधताना जे शिक्षण होते ते दहा छापील प्रयोगांनी होत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे संगणक आणि कार्यशाळा यांची गाठ घालून देणे. पोलादाची एक पट्टी, तिच्यावर चिकटवलेला स्ट्रेन गेज आणि टांगायला वजने, एवढे साहित्य बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असते. तीच पट्टी संगणकावर मांडायची आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. ते जुळले नाहीत, तर चूक मॉडेलमध्ये आहे, पकडीत आहे की गेज चिकटवण्यात, हे विद्यार्थ्याने शोधायचे. अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या ‘एएसएमई’ या संस्थेने २००६ मध्ये अशा पडताळणीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ‘समीकरणे बरोबर सोडवली का’ आणि ‘बरोबर समीकरणे सोडवली का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा तिच्यामागचा विचार पदवीच्या वर्गातही सहज रुजवता येईल.

अर्थात यासाठी शिक्षकाला वेळ हवा आणि त्याने स्वतः अशी कामे केलेली हवीत. एआरएआयसारखी संस्था आणि इतकी अभियांत्रिकी केंद्रे एकाच शहरात असताना, कारखान्यातील अभियंत्याने सत्रात काही तास वर्गावर येणे आणि शिक्षकाने सुटीत काही आठवडे कारखान्यात घालवणे अशक्य नाही. तात्पुरत्या नेमणुकांवर चालणाऱ्या महाविद्यालयांत मात्र ही अपेक्षा कोणाकडून करायची, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही. संस्थाचालक आणि विद्यापीठ यांच्याकडे आहे.

शेवटी एफईए हे मत मांडणारे साधन आहे आणि मत किती खरे मानायचे हे माणसाने ठरवायचे असते. आज प्रकल्प अहवालात ‘रचना सुरक्षित आहे’ असे लिहिणारा विद्यार्थी दोन-चार वर्षांनी हेच वाक्य खऱ्या गाडीच्या, लिफ्टच्या किंवा पुलाच्या कागदपत्रावर लिहिणार आहे. तेव्हा परीक्षक पान उलटून पुढे जाणार नाही. त्या वाक्याच्या भरवशावर लोक त्या गाडीत बसतील आणि त्या पुलावरून जातील.